आधी अदमास सांग, मग पेन उचल

एका शेतकरी बापाचा प्रश्न आहे: "मुलगी दहावीत आहे. विज्ञानाची सूत्रं धडाधड म्हणते, पण उदाहरण समोर आलं की हात थांबतो. साध्या गुणाकारालाही मोबाइल काढते. गावात शिकवणी नाही, तालुक्याला पाठवायचं तर एसटीची वेळ जमत नाही. मी नववीपर्यंत शिकलेला. घरी काय करता येईल?"

भाऊ, शिकवणीची चिंता सध्या बाजूला ठेवा. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांमधून सत्तावीस वर्षं विज्ञान आणि गणित शिकवतो आहे. तुमच्या मुलीसारखी मुलं दर वर्षी वर्गात असतात. त्यांना सूत्रं कमी पडत नाहीत. उत्तर किती यायला हवं, हे कोणी त्यांना कधी विचारलेलं नसतं. म्हणून एकच सवय लावा. कुठलंही उदाहरण असो, पेन उचलायच्या आधी तिनं तोंडानं सांगायचं की उत्तर अदमासे किती येईल. चुकलं तरी चालेल, पण सांगायचं. यासाठी तुम्ही नववीपर्यंत शिकलात तेवढं पुष्कळ आहे, कारण अदमासाच्या बाबतीत शेतकरी माणूस कोणत्याही मास्तरच्या पुढे असतो.

हे मी कसा शिकलो ते सांगतो. शिकवायला लागून चारेक वर्षं झाली होती. चाचणीत प्रश्न होता, सायकलस्वाराची चाल ताशी १८ किलोमीटर, तर सेकंदाला किती मीटर? पाचला अठरानं भागून आलेल्या संख्येनं गुणायचं असतं. एका मुलीनं उलटं केलं, अठराला पाचनं भागून गुणलं. उत्तर लिहिलं ६४.८ मीटर प्रति सेकंद. मी लाल शाईनं "सूत्र उलटे" असं लिहिलं, अर्धा गुण कापला आणि पुढचा पेपर घेतला. रात्री जेवताना माझ्या लक्षात आलं की सेकंदाला ६४.८ मीटर म्हणजे ताशी २३३ किलोमीटर. तेवढ्या वेगानं सायकल! त्या पोरीला ते खटकलं नाही, हे एक झालं. पण मलाही खटकलं नाही, आणि मी तर शिक्षक होतो. दुसऱ्या दिवशी वर्गात तोच प्रश्न फिरवून विचारला: "शाळेच्या फाटकातून सायकल निघाली, तुम्ही एक म्हणेपर्यंत कुठवर जाईल?" मागच्या बाकावरचा पोरगा म्हणाला, "सर, लय झालं तं कडुलिंबापर्यंत." कडुलिंब फाटकापासून पाच-सहा मीटरवर होता. बरोबर उत्तर ५ मीटर. ज्याला चाचणीत तीन गुण पडले होते, त्यानं ते झाड बघून सांगितलं.

तेव्हापासून माझ्या वर्गात पाटीच्या उजव्या कोपऱ्यात अदमास लिहिल्याशिवाय उदाहरण सुरू होत नाही.

आता घरी काय करायचं ते. सुरुवात विहिरीपासून करा. कठडा असलेलीच विहीर घ्या, आणि तुम्ही स्वतः सोबत उभे राहा. बोराएवढा खडा हातातून नुसता सोडायचा, फेकायचा नाही. सुटल्यापासून "डुबुक" ऐकू येईपर्यंतचा वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजायचा. वस्तू पडते तेव्हा तिचं अंतर म्हणजे निम्मं त्वरण गुणिले वेळेचा वर्ग. गुरुत्व त्वरण ९.८ आहे, आपण १० धरू. म्हणजे वेळेचा वर्ग करा आणि पाचनं गुणा, एवढंच सूत्र उरतं. एका सेकंदात ५ मीटर, दोन सेकंदांत २० मीटर.

आम्ही शाळेजवळच्या विहिरीवर हे केलं तेव्हा पाच खडे सोडले. वेळ आले १.५, १.४, १.६, १.५, १.५. दीडचा वर्ग सव्वादोन, पाचनं गुणले की सव्वाअकरा मीटर. काठावर एक म्हातारे आजोबा उभे होते. त्यांना कोणी काही सांगितलेलं नव्हतं. ते म्हणाले, "पाण्यापर्यंत सहा परस हाये." परस म्हणजे माणूसभर उंची, साधारण सहा फूट. सहा सक छत्तीस फूट, म्हणजे अकरा मीटर. मुलं आजोबांच्या तोंडाकडे बघतच राहिली. त्यानंतर दोर सोडून मोजायची गरज कोणालाच वाटली नाही, तरी आम्ही मोजलं, कारण पडताळा घेतल्याशिवाय विज्ञान होत नाही.

याच खड्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. १.४ धरले तर खोली ९.८ मीटर येते, १.६ धरले तर १२.८. सेकंदाच्या दहाव्या भागाची चूक, आणि फरक दीड मीटरचा. मोजमापात चूक किती आणि ती उत्तरात किती फुगते, हे पुस्तकात वाचून कळत नाही, इथे डोळ्यांनी दिसतं. हुशार पोर असेल तर विचारेल, "खालचा आवाज वर यायलाही वेळ लागतो ना?" लागतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, अकरा मीटरला सेकंदाचे तीन शतांश. आपल्या बोटाचीच चूक त्याच्या तिप्पट असते. म्हणून तो वेळ सोडून द्यायचा. काय सोडायचं हे मोजून ठरवता येणं, हा भौतिकशास्त्राचा अर्धा भाग आहे असं माझं मत आहे.

अदमासाला खुणेचे दगड लागतात. तिच्याकडे दहा-पंधरा राशी पक्क्या पाहिजेत, आणि त्या स्वतः हाताळलेल्या पाहिजेत. तिचं वजन ४५ किलो असेल तर जमिनीवर ४५० न्यूटनचं बल. एक किलोचा मिठाचा पुडा एक मीटर उचलला की दहा ज्यूल. भरलेली बादली पंधरा लिटर. तिची दोन पावलं मिळून किती, ते अंगणात खडूनं आखून मोजू द्या. घरातला एलईडी दिवा नऊ वॅटचा, म्हणजे एक युनिट जाळायला त्याला एकशे अकरा तास लागतात. हे दगड रोवले की मग कुठलंही उत्तर त्यांच्याशी लावून बघता येतं.

पावसाचं गणित मात्र सवडीनं करा, त्यात फार मोठा खजिना आहे. पेपरात रोज येतं, अमुक मंडळात ६५ मिलिमीटर पाऊस. मुलांना विचारा ६५ मिलिमीटर म्हणजे काय, तर "लय पाऊस" एवढंच सांगतात. ६५ ला महत्त्व आहे, कारण महसूल मंडळात चोवीस तासांत तेवढा झाला की सरकारदप्तरी अतिवृष्टी धरतात. आता एक चौरस मीटर जागा घ्या. तिच्यावर एक मिलिमीटर पाणी उभं राहिलं तर बरोबर एक लिटर भरतं. हे एकदा वहीत करून दाखवा: एक मीटर गुणिले एक मीटर गुणिले हजारावा भाग. एकरात चार हजार चौरस मीटर (नेमके ४०४७, पण चार हजार धरा). म्हणजे एकरावर एक मिलिमीटर म्हणजे चार हजार लिटर. पासष्ट चोक दोनशे साठ, म्हणजे दोन लाख साठ हजार लिटर. पाच हजार लिटरच्या ट्रॅक्टरच्या टँकरनं मोजलं तर बावन्न टँकर. एका दिवसात. एका एकरावर.

मी हे पहिल्यांदा फळ्यावर मांडलं तेव्हा वर्ग गप्प झाला, आणि मग एका मुलीनं विचारलं, "मंग सर, तेवढं पाणी जाते कुठी?" त्या एका प्रश्नावर दोन तास गेले. काळ्या मातीत किती मुरतं, नाल्यानं किती वाहून जातं, बांध घातला तर किती अडतं, तुरीचं मूळ किती खोल जातं. वेळापत्रकात तो तास प्रकाशाच्या अपवर्तनाचा होता. मला त्याचं जरा सुद्धा वाईट वाटलं नाही.

पर्जन्यमापक घरी करता येतो. सरळ भिंतीचा डबा, पट्टी आणि मोकळं अंगण पाहिजे, झाडाखाली नको. मुलं इथे नेहमी अडखळतात: मोठ्या तोंडाचा डबा ठेवला तर जास्त पाऊस दिसेल ना? दोन्ही ठेवायला लावा, एक छोटा आणि एक मोठा. सकाळी दोन्हींत पट्टी घालायची. उंची सारखी भरते, कारण मोठ्या डब्यात पाणी जास्त येतं तशी पसरायला जागाही जास्त असते. उतरत्या भिंतीची बादली ठेवली तर मात्र आकडा चुकतो. का चुकतो, ते तिला सांगू द्या, तुम्ही सांगू नका.

आता तोंडी हिशेबाकडे येतो, कारण तुमची मुख्य तक्रार मोबाइलची आहे. दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही. बारावीतही लॉग टेबल वापरावं लागतं. म्हणून सवय मोडायलाच पाहिजे, पण मोबाइल हिसकावून मोडणार नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत एकदा एका विद्यार्थिनीच्या घरी गेलो होतो. गणितात तिला पस्तीस मिळत नव्हते. घराच्या पडवीत ताणकाटा टांगलेला, चौदा बाया आपापलं गाठोडं घेऊन रांगेत उभ्या, आणि ही पोरगी मांडीवर डायरी घेऊन मजुरी काढत होती. काटा बघून म्हणे, "सदोतीस किलो, आठ रुपयांनं..." आणि थांबलीच नाही: "चाळीस आठे तीनशे वीस, चोवीस गेले, दोनशे शहाण्णव." चौदाही जणींचा हिशेब दहा मिनिटांत, एक रुपयाची चूक नाही. चूक झाली असती तर समोरच्या मावशीनं तिथेच धरली असती. मी तिला दुसऱ्या दिवशी शाळेत ३७ गुणिले ८ फळ्यावर दिलं. तिनं उभी मांडणी केली, हातचे पाच विसरली आणि २४६ लिहिलं.

हे तुम्हाला मुद्दाम सविस्तर सांगतो आहे. तिच्या डोक्यात गणित होतं. कागदावरची रीत शेवटच्या अंकाकडून सुरू होते, आणि डोकं मोठ्या भागाकडून चालतं. तोंडी हिशेब करताना नेहमी मोठ्या बाजूनं सुरू करा, सोप्या संख्येवर जा, मग जास्त झालेलं काढा किंवा राहिलेलं मिळवा. ६८ आणि ५७ मिळवायचे तर साठ आणि पन्नास एकशे दहा, आठ आणि सात पंधरा, एकशे पंचवीस.

मराठीत इथे एक अडचण आहे, ती मान्य करू या. आपण सत्तेचाळीस म्हणताना सात आधी आणि चाळीस नंतर उच्चारतो. लहान मुलं ऐकून ७४ लिहितात. २०१९ साली दुसरीच्या बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला "वीस एक" अशी वाचनाची रीत दिली, तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला, टिंगल झाली. मी तेव्हाही त्या नव्या रीतीच्या बाजूनं होतो आणि आजही आहे. बोलताना सत्तेचाळीसच म्हणावं, ती आपली भाषा आहे. पण मनात मांडताना "चाळीस सात" असं मांडलं की बेरीज आपोआप मोठ्या बाजूनं होते. ज्या मुलांचा हिशेब कच्चा आहे त्यांना मी आठवीतही हेच सांगतो.

पाढ्यांचं विचाराल तर वीसपर्यंत हवेतच, त्याला पर्याय नाही. पण त्याहूनही मला हळहळ वाटते ती पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांचे पाढे, गेल्याची. आपल्या आजोबांना औटकीसुद्धा यायची, म्हणजे साडेतीनचा पाढा. ती पिढी सव्वासात क्विंटलचा भाव तोंडी सांगायची, कारण अपूर्णांक त्यांच्या जिभेवर होते. आज मुलं पाऊण म्हटलं की ०.७५ लिहून गुणाकार मांडतात. रोज झोपताना दिडकी आणि पावकी दहा वेळा म्हणवून घ्या. महिनाभरात फरक दिसतो, हा माझा अनुभव आहे.

पावकीचा भौतिकशास्त्रात लगेच उपयोग होतो. तो ताशी किलोमीटरचा प्रश्न आठवा. पाच भागिले अठरा लक्षात ठेवून उलटं करण्यापेक्षा हे करा: संख्येची चौथाई घ्या आणि त्या चौथाईचा नववा भाग तिच्यातच मिळवा. ३६ ची चौथाई नऊ, नवाचा नववा भाग एक, झाले दहा. ७२ ची अठरा अधिक दोन, वीस. ९० ची साडेबावीस अधिक अडीच, पंचवीस. हा अदमास नाही, उत्तर तंतोतंत येतं, कारण पाव गुणिले दहा-नवमांश म्हणजेच पाच-अठरांश. तिला हे कागदावर सिद्ध करायला लावा. नुसती युक्ती दिली तर ती आठ दिवसांत विसरते. शॉर्टकट शिकवणाऱ्या वर्गांबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे की युक्ती चालते का याच्याइतकंच ती का चालते हेही सांगायला हवं.

आणि हे वेग तिथेच सोडू नका. मोटारसायकल ताशी ३६ नं चालली आहे, म्हणजे सेकंदाला दहा मीटर. समोर बैल आला. डोळ्यांनी बघून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद, म्हणजे दहा मीटर असेच गेले. मुरमाच्या रस्त्यावर ब्रेकनं वेग सेकंदाला पाच मीटर प्रति सेकंदानं कमी होतो असं धरा. थांबायला लागणारं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्वरणाची दुप्पट, शंभर भागिले दहा, आणखी दहा मीटर. एकूण वीस. तीच गाडी ७२ नं असेल तर आधीचे वीस, मग चारशे भागिले दहा म्हणजे चाळीस, एकूण साठ मीटर. वेग दुप्पट, पण अंतर तिप्पट झालं. साठ मीटरमध्ये पाच एसटी बस एकामागे एक उभ्या राहतात. गावातली पोरं अठरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत गाडी चालवतात. त्यांना हे गणित रस्त्यावर पावलांनी मोजून दाखवलं पाहिजे. मी दर वर्षी दाखवतो.

आता कूलर. आपल्या विदर्भात भौतिकशास्त्र शिकवायला याच्याएवढं चांगलं यंत्र नाही, आणि ते जवळपास घराघरात आहे. एक पोरगा दर वर्षी विचारतोच: "सर, कूलर पावसाळ्यात काहून थंड करत नाई?" दहावीच्या उष्णतेच्या प्रकरणात अप्रकट उष्मा आणि सापेक्ष आर्द्रता दोन्ही आहेत. मुलं व्याख्या पाठ करतात, आणि शेजारी घरघरणाऱ्या डब्याशी त्यांचा संबंध लावत नाहीत.

पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, आणि तापमान न वाढता लागते. पुस्तकात उकळत्या पाण्यासाठी ग्रॅमला ५४० कॅलरी दिली आहे. खोलीच्या तापमानाला थोडी जास्तच लागते, लिटरला साधारण २४०० किलोज्यूल. मे महिन्यात मोठा कूलर तासाला सहा लिटर पाणी सहज पितो. टाकीत किती वेळा बादली ओतता, यावरून तुमच्या कूलरचा आकडा तिला काढू द्या. सहा गुणिले २४००, झाले १४,४०० किलोज्यूल. एक युनिट वीज म्हणजे ३६०० किलोज्यूल. छत्तीस चोक एकशे चव्वेचाळीस, म्हणजे चार युनिट. वाळ्याच्या ताट्यांतून झिरपणारं पाणी हवेतून तासाला चार युनिटइतकी उष्णता शोषून घेतं, आणि पंखा व पंप मिळून वीज जाळतात ती युनिटचा पाचवा भाग. हा हिशेब कळला त्या दिवशी एका मुलानं मला विचारलं की मग बाकीची ऊर्जा कोण देतं. गरम हवाच देते, म्हणूनच ती गार होते. हे उत्तर त्याला चार-पाच वाक्यांत स्वतःलाच सापडलं.

पावसाळ्याचं कारण हातानं दाखवा. प्रयोगशाळेतला थर्मामीटर शाळेतून मागून घ्या (ताप मोजायचा चालणार नाही). त्याच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळून पंख्यासमोर धरा. मे महिन्यात पारा पंधरा-वीस अंश खाली येतो, ऑगस्टमध्ये दोन-तीन अंश उतरून थांबतो. ऑगस्टच्या हवेत आधीच वाफ भरलेली असते, तिथे चिंधीचं पाणी उडत नाही. ओली चिंधी जिथवर उतरते, त्याच्या खाली कोणताही कूलर हवा गार करू शकत नाही. याच कारणानं कूलर लावून खिडक्या बंद केल्या की अर्ध्या तासात जीव घुसमटतो. आत येणाऱ्या हवेला बाहेर जायला वाट ठेवावीच लागते. जुना माठ गार करत नाही त्याचंही मूळ इथेच आहे, क्षारांनी त्याची छिद्रं बुजलेली असतात आणि पाणी बाहेर झिरपत नाही.

हे शिकवताना एक गोष्ट सांगितल्याशिवाय मी राहत नाही. कूलरमध्ये पाणी ओतताना पिन काढलेलीच असली पाहिजे, नुसतं बटण बंद करून चालणार नाही, आणि भूसंपर्क तार जोडलेली हवी. पत्र्याचा डबा, ओली जमीन, अनवाणी पाय, याहून वाईट जोड नाही.

विजेचा कडकडाट तर जूनमध्ये आपसूक येतो. प्रकाश दिसल्यावर "एक हजार एक, एक हजार दोन" असं मोजायचं. तीन सेकंदांना एक किलोमीटर. बारा सेकंद आले तर वीज चार किलोमीटरवर पडली. लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. एका काठावरचा मोठा आवाज समोरच्या काठाला पोहोचायला पाच सेकंदांहून जास्त लागतात, हे सांगितलं की मुलांना आवाजाची चाल मनात बसते. पण शेतात असताना तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर मोजणं थांबवून पक्क्या घराकडे निघायचं, झाडाखाली उभं राहायचं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं "दामिनी" हे विजेचा इशारा देणारं ॲप आहे, ते मोबाइलमध्ये ठेवा. मोबाइलचा हा उपयोग मला मान्य आहे.

चिखलदऱ्याला सहल जाते तेव्हा मी मुलांना पाणी उकळायला लावतो. साधारण अकराशे मीटर उंची, दर तीनशे मीटरला उत्कलनबिंदू एक अंशानं उतरतो, म्हणजे पाणी ९६ अंशांच्या आसपास उकळतं. थर्मामीटर तेच दाखवतो. तिथे डाळ शिजायला वेळ का लागतो, हे मग सांगावं लागत नाही.

हे सगळं काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. १९३७ साली वर्ध्यात गांधीजींच्या पुढाकारानं शिक्षण परिषद भरली, आणि सेवाग्रामात नई तालीमच्या शाळेत मुलं टकळीवर सूत कातता कातता हिशेब शिकू लागली. आपल्या दारातलीच ही गोष्ट आहे, आणि आपण मुलांना मात्र "ए गावाहून बी गावाला जाणारी ट्रेन" देत बसतो.

परीक्षेसाठीही अदमास उपयोगी आहे, हे तिला पटायला हवं, नाहीतर ती म्हणेल की हे पेपरात येत नाही. पहिल्याच प्रकरणातलं गुरुत्व त्वरण घ्या. गुरुत्व स्थिरांक ६.६७ आणि दहाचा उणे अकरावा घात, पृथ्वीचं वस्तुमान ६ आणि दहाचा चोविसावा घात, त्रिज्या ६.४ आणि दहाचा सहावा घात. मुलं हे बघूनच घाबरतात. घात वेगळे काढा: चोविसातून अकरा गेले तेरा, त्रिज्येचा वर्ग म्हणून बारा वजा, उरला एक. म्हणजे दहा. राहिलेल्या संख्या: ६.६७ गुणिले सहा, चाळीस. ६.४ चा वर्ग, एक्केचाळीसच्या जरा आत-बाहेर. चाळीस भागिले एक्केचाळीस म्हणजे एकाहून किंचित कमी. गुणिले दहा. उत्तर दहाच्या थोडं खाली. पेन न लावता आलं! मग सविस्तर करा, ९.७७ येईल. कागदावर सूत्र, किमती, आकडेमोड आणि एकक, चारही ओळी लिहायच्याच; अदमास पेन्सिलनं कोपऱ्यात.

तुम्हाला स्वतःला आजपासून करायचं काम एक देतो. तुमच्या विहिरीवर पाच एचपीची मोटर असेल असं धरतो. एक एचपी ७४६ वॅटची, पाच म्हणजे सुमारे ३७०० वॅट. पाणी वीस मीटर चढवायचं असेल तर एका लिटरला दोनशे ज्यूल. सदतीसशे भागिले दोनशे, सेकंदाला अठरा लिटर. पण पंपात आणि पाइपाच्या घर्षणात जवळपास निम्मी ताकद जाते, म्हणून नऊ लिटर धरा. विहीर वीस फूट व्यासाची, म्हणजे सहा मीटर. त्रिज्या तीन, वर्ग नऊ, पाय (π) तीनच धरू, सत्तावीस चौरस मीटर. पाणी बारा फूट उभं, म्हणजे ३.६ मीटर. हे झाले जवळपास सत्त्याण्णव हजार लिटर. नवानं भागले की दहा हजार आठशे सेकंद, म्हणजे तीन तास.

हे माझे आकडे आहेत, तुमच्या विहिरीचे तिला मोजू द्या. पुढच्या वेळी तुरीला पाणी द्यायला लाइन आली की मोटर सुरू करायच्या आधी तिला विचारा, किती वाजता मोटर हवा घेईल, म्हणजे विहिरीतलं पाणी संपेल. तिनं सांगितलेली वेळ स्टार्टरच्या पेटीवर खडूनं लिहा. मग प्रत्यक्ष हवा घेतली ती वेळ शेजारी लिहा. झऱ्यांचं पाणी येत राहतं, म्हणून तिच्या आकड्यापेक्षा वेळ जास्तच लागेल. किती जास्त लागला, त्यावरून झरे तासाला किती लिटर देतात, तेही तिला काढता येईल.